अन्याची कॅसेट

"बकरी! अहो बकरी! बकरी का बच्चा! टोपीवाला!"

आयएसडीच्या काचेच्या खोक्यात उभे राहून आप्पा ओरडत होते आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं एकमेकांना कोपरं मारून हसत होती. मी दार धरून उभी. माझ्या वडिलांचं हिंदी म्हणजे मराठीलाच मागं 'है' जोडायचं, आणि फोन जितका लांबचा तितकं मोठ्यानं बोलायचं, हा त्यांचा नियम. जयसिंगपुरातून बुडापेस्टला बोलायचं म्हटल्यावर अर्ध्या गावानं ऐकलंच.

"डबा इधर आया है, आत कॅसेट नहीं है! रिकामा! हां. अन्या की कॅसेट! अन्या!"

त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. "राजू, बघ गं, काय म्हणतोय ते कळंना."

"अन्या?" पलीकडून माझ्या भावाच्या मित्राचा, खन्नाचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. "अंकलजी, सुनिए तो, अन्या मतलब..." आणि पुढं नुसती खरखर.

आप्पांनी रिसीव्हर हिसकावला. "हां हां, वोही! वोही अन्या! भेज देना!"

लाइन तुटली. आप्पा टोपी सारखी करत बाहेर आले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"पाठवतो म्हणाला," आप्पा रेटून म्हणाले आणि चालायला लागले. तो असं काही म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पण त्यांना तसं सांगायची माझी छाती नव्हती.

माझा थोरला भाऊ भरतेश शिकायला म्हणून हंगेरीला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. तिथल्याच युदित नावाच्या मुलीशी लग्न केलं. आप्पांनी त्याचं नाव टाकलं. घरात दादाचा विषय निघाला की ते उठून अंगणात जायचे. नातीचा फोटो आला तेव्हा कुठं जरा नरमले, आणि "येऊ दे तिघांना दिवाळीला" असं एकदाचं तोंडानं म्हणाले. दिवाळीच्या आधीच त्यांची गाडी बर्फावरून घसरली. दादा गेला, युदित गेली. मागच्या सीटवरच्या पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. युदितला मागंपुढं कुणी नव्हतं, म्हणून दादाचा मित्र खन्ना सुट्टीला दिल्लीला येताना पोरीला घेऊन आला. मुंबईच्या विमानतळावर त्यानं ती झोपलेली पोर माझ्या खांद्यावर दिली, "इसका नाम रेका है" एवढं सांगितलं आणि पुढचं विमान गाठायला पळाला.

रेका. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधीच आईनं तिची रेखा करून टाकली.

बातमी आल्यापासून आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेलेला माणूस, सगळं गाव त्यांना आप्पामास्तर म्हणून ओळखायचं. कुणी भेटायला आलं तर कूससुद्धा बदलत नव्हते. डोळ्यांतून टिपूस नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तरांना रडवा काही तरी करून." रडवा म्हणे! नळ आहे काय तो, फिरवला की सुटायला?

रेका आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात भेदरून उभी होती. परटाकडून धुऊन आलेल्या चादरीसारखा पांढरा फटक चेहरा, पण भुवया आणि हनुवटी अगदी दादाची. मी चहाचा कप घेऊन नेहमीसारखी हाक मारली, "आप्पा, उठा, चहा घ्या."

पोर गर्रकन वळली. "आपा?" म्हणाली. परदेशी जीभ, जरा 'ऑपा'सारखं आलं ते. मग "आपा! आपा!" करत ती आप्पांच्या खोलीकडं धावली आणि दारात थबकली.

आप्पा उठून बसले होते.

"मला हाक मारली?" ते म्हणाले. "राजू, ऐकलंस? ह्या पोरीनं मला आप्पा म्हटलं."

"ऐकलं की."

"भरतेशनं शिकवलंय तिला." त्यांनी पाय कॉटखाली सोडले. "एवढ्या लांब बसून बापाचं नाव शिकवलंय बघ. मी बोलत नव्हतो त्याच्याशी, तरी."

रेका दारातच उभी होती. तिनं आप्पांच्या तोंडाकडं बघितलं, मग खोलीत इकडं तिकडं बघितलं, आणि मान खाली घालून परत फिरली. "लाजली गं बाई," आई पदर डोळ्याला लावून म्हणाली. त्या दिवशी आप्पांनी दाढी केली आणि ताटावर बसून जेवले. पोरीच्या एका हाकेनं घरात माणूस परत आला म्हणा.

पण ती स्वतः काही खाईना. दुधात बुडवून पावाचा एखादा तुकडा, की झालं. भात पुढं केला की तोंड मिटून घ्यायची. आईनं शिरा केला, खीर केली, तूप-साखरेची पोळी केली, आणि पोरीनं सगळं बोटानं लांब सारलं. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावायला लागंल, तिच्या ओळखीचं काही तरी तिला द्या. आम्हाला तरी तिच्या ओळखीचं काय माहीत? पुण्यात रशियन शिकवणारे एक सर गाठले, तर ते म्हणाले, हंगेरीची भाषा आजूबाजूच्या कुणाच्याच नात्यातली नाही, मला तिचं ओ की ठो कळत नाही.

तिचे दोनच शब्द आम्हाला कळायचे. एक आपा, आणि दुसरा अन्या.

अन्या आम्हाला सापडला तो शेजारच्या चौगुल्यांच्या टीव्हीत. रविवारी सकाळी मुलांचं कार्टून लागलं होतं. रेका माझ्या कडेवरून उतरली, टीव्हीपाशी गेली आणि काचेवर हात आपटत "अन्या! अन्या!" करून रडायला लागली. आमच्याकडं अनिलचा अन्या होतो, प्रकाशचा पक्या, तसं कुठलं तरी पोरगं असणार हे सगळ्यांनी एकदम ताडलं. मग तिच्या बॅगेत स्वेटरांच्या खाली कॅसेटचा तो रिकामा डबा निघाला. वर लाल टोपी घातलेलं करडू, मोठ्या डोळ्यांचं, डोक्यावर नुकते फुटलेले शिंगांचे कोंब. डबा बघितल्याबरोबर पोरीनं छातीशी धरला.

"हाच तो अन्या!" आप्पा म्हणाले. "कॅसेट तिकडं मशीनमध्येच राहिली असणार. ती आली की जेवती बघ ही."

दुसऱ्या दिवशी तेच आप्पा, जे महिनाभर पाणी प्यायला उठत नव्हते, मिरजेला इरफान तांबोळीच्या व्हिडिओ लायब्ररीत जाऊन बसले. इरफान त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांनी डब्यावरचं करडू जसंच्या तसं कागदावर काढून नेलं होतं.

"मास्तर, असलं नाही माझ्याकडं. पण दुसरं फॉरीनचं आहे की."

"फॉरीन म्हणजे काय एकच गाव आहे काय रे? मला हंगेरीचं पाहिजे."

"पोरांना काय कळतंय मास्तर. कार्टून म्हटलं की झालं."

तरी बिचारा रिक्षात टीव्ही आणि व्हीसीआर घालून जयसिंगपूरला आला. कुठून कुठून कॅसेटी जमवल्या होत्या त्यानं. एकीत उडणारा लोखंडी माणूस, एकीत बर्फातली बदकं, एकीत नुसतेच पाव आणि फळं नाचत होती. चौगुल्यांची पोरं खिदळत होती, आम्हीसुद्धा हसलो. रेका प्रत्येक कॅसेट सुरू झाली की पुढं सरकायची, नीट ऐकायची, आणि थोड्या वेळानं भिंतीशी जाऊन बसायची. बदकांच्या वेळी तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "तिला अन्याच पाहिजे," आप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन फोनच्या खोक्यात शिरले.

कॅसेट येईपर्यंतचे दिवस मी विसरलेली नाही. मी "आप्पा" म्हणून हाक मारली की ती पोर हातातलं टाकून दाराकडं पळायची. आप्पा असतील तिथून "आलो गं माझी बाय, आलो" करत यायचे. ती त्यांच्याकडं बघायची, त्यांच्या मागं बघायची आणि गप्प व्हायची. आप्पा तिला उचलून घ्यायचे, मिशा तिच्या गालाला लावायचे. ती अंग चोरायची नाही, रडायची नाही. नुसती पिशवीसारखी त्यांच्या खांद्यावर लोंबकळायची. "सवय होईल," आई म्हणायची. मला रात्रंदिवस एकच घोर, ही पोर हाताला लागून निसटायची. पोरीला काही झालं तर आप्पा दुसऱ्यांदा उठायचे नाहीत, हे आई आणि मी न बोलता समजून होतो.

शेवटी खन्नाच्या ओळखीचं कुणी तरी मुंबईत उतरलं आणि तिथून कुरिअरनं कॅसेट आली. ओंजळीत मावंल एवढीशी वस्तू, पण आप्पांनी ती देवापुढं ठेवली. इरफानला निरोप गेला. आम्ही जैन, संध्याकाळचं जेवण आमच्याकडं दिवे लागायच्या आत होतं, ते त्या दिवशी राहिलंच.

इरफाननं कॅसेट घातली. पडद्यावर करड्या रेघा, मधून पाणी वाहावं तसं काही तरी, पण बासरीसारखी एक धून वाजली आणि रेका ताडकन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की आईनं माझा दंड धरला.

"बंद कर!" आप्पा ओरडले. "रंग कुठं गेले?"

"मास्तर, तिकडची सिस्टीम वेगळी असती. त्यांचे रंग आपल्या मशीनला कळत नाहीत. मल्टिसिस्टीम लागंल."

"मग बंद कर."

"आप्पा, लावू दे की तसंच," मी म्हणाले. "तिला चाललं की ते."

"आणि असलं मेलेलं करडू दाखवू तिला? एवढं लांबून आणवलं ते ह्यासाठी?" त्यांनी स्वतः उठून बटण दाबलं. रेका मशीनला मिठी मारून असली रडली की चौगुलेवहिनी धावत आल्या. तिला सोडवता सोडवता माझे हात ओरबाडले गेले. आणि तिला "उद्या लावू" एवढं साधं सांगायला माझ्याकडं शब्द नव्हता.

मल्टिसिस्टीम मशीन मिरजेच्या बागवानांकडं होतं. ते दुबईहून परत आले होते आणि टीव्ही-व्हीसीआरवर त्यांच्या आईनं स्वतः विणलेलं झाकण असायचं. बागवान जरा कां कूं करायला लागले. आप्पांनी काही विनवणी केली नाही, फक्त रेकाला पुढं केलं. म्हातारीनं पोरीच्या मनगटाला हात लावून बघितला आणि झाकण आपल्या हातानं काढलं. "ले जाव भाई. बच्ची को दिखाव पैले," म्हणाली.

रविवारी दुपारी सोप्यात माणूस मावेना. चौगुल्यांचं सगळं घर, इरफान, पलीकडच्या गल्लीतली दोघं-तिघं. आप्पा मध्यभागी खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून. रेका पुढं चटईवर, आणि तिच्या मागं पोळीचा काला घेऊन आई.

रंग आले. हिरवं गवत, निळं आभाळ आणि भडक लाल टोपी.

"आला अन्या, आला!" आप्पांनी टाळी वाजवली. "बघ, रेखा, अन्या आला!"

रेका हसली. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. खालचा एक दात किडका होता, तो त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसला. ती करडाच्या आधीच त्याचं बोलणं म्हणायला लागली. सगळं पाठ होतं तिला. आईनं हळूच तोंडाशी घास नेला आणि तिनं तो डोळे न हलवता खाल्ला. दुसरा खाल्ला. आई माझ्याकडं बघून रडायला लागली. इरफाननं मान वळवून डोळे पुसले.

गोष्ट सोपी होती. वाऱ्यानं करडाची टोपी उडते, तिच्या मागं पळता पळता ते रानात चुकतं. अंधारून येतं. ते एका दगडावर बसतं आणि तोंड वर करून ओरडतं, "अन्याऽऽ!"

"हे काय, स्वतःलाच हाक मारतंय?" आई म्हणाली. सगळे हसले.

मग झाडांतून एक मोठी शेळी पळत आली. कमरेला एप्रन, हातात लाटणं तसंच राहिलेलं. करडू तिच्या पोटात शिरलं. "अन्या! अन्या!" आणि चटईवरून तोच आवाज, तितकाच बारीक, "अन्या! अन्या!"

हसणं थांबलं.

"अगंबाई," चौगुलेवहिनी म्हणाल्या. "म्हणजे अन्या म्हणजे आई व्हय?"

टीव्हीवर हात आपटून ती आईला मागत होती, कारण आईच्या मांडीवर बसूनच ती हे बघत असणार. आणि आम्ही तिला बदकं दाखवत होतो! मला तिथून उठून जायचं होतं, कारण पडद्यावर शेळीच्या मागून आणखी कुणी तरी येत होतं. चष्मा लावलेला, छत्री घेतलेला बोकड. इरफानला खुणावलं मी, बंद कर म्हणून. त्याला कळलं नाही.

करडानं टुणकन उडी मारून बोकडाच्या गळ्याला मिठी घातली.

"आपा!"

"आपा!" रेकानं टाळ्या वाजवल्या. "आपा! आपा!"

आप्पांकडं बघायचं धाडस मला झालं नाही. आपा म्हणजे कोण, हे ह्या वेळी चौगुलेवहिनींनासुद्धा विचारावं लागलं नाही. पडद्यावर तिघं एका गोधडीखाली झोपली, दिवा मालवला, पुन्हा ती बासरीची धून वाजली आणि निळा पडदा आला. आईच्या हातातली वाटी रिकामी होती. पोरीनं सगळी पोळी खाल्ली होती.

"परत लावू, मास्तर?" इरफाननं कसंबसं विचारलं.

रेका उठली. कोपऱ्यातले तिचे तिकडचे जाड बूट तिनं ओढून काढले, उलटसुलट पायांत घातले आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. तिच्या मनात काय होतं ते कळायला त्या वेळी भाषा लागत नव्हती. ते दोघं सापडले होते. आता ते तिला न्यायला येणार होते.

"आपा!" तिनं रस्त्याकडं तोंड करून हाक दिली. रडून नाही, चांगली खुशीत, खणखणीत. "आपाऽ!"

रोज ह्या हाकेला धावणारे आप्पा खुर्चीच्या हातांना धरून बसले होते.

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "आप्पा, हाक मारतीय ती."

"मला न्हवं," आप्पा म्हणाले.

ती हाका मारतच राहिली. माणसं एकेक करून, चपला हातात घेऊन तिच्या कडेकडेनं बाहेर पडली. मला वाटलं, आता आप्पा आत जातील, भिंतीकडं तोंड करतील, आणि संपलं. ते उठलेही. दोन पावलं खोलीकडं गेले. मग वळले, उंबऱ्यापाशी आले, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली टेकले आणि पोरीच्या शेजारी बसले. तिला उचललं नाही, जवळही घेतलं नाही. ती बघत होती तिकडंच, रस्त्याच्या टोकाकडं बघत बसले.

"आपाऽ!" रेका ओरडली.

"भरतेश," आप्पा म्हणाले. पहिल्यांदा हळूच. मग घसा साफ केला आणि शाळेच्या मैदानावर पोरांना बोलवायचे त्या आवाजात ओरडले, "भरतेऽश! ए भरतेश!"

रेका दचकून गप्प झाली आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांच्या मिशांतून पाणी सदऱ्यावर पडत होतं. तिला ते नाव ठाऊक असणारच. तिकडं तिच्या बापाला सगळे ह्याच नावानं बोलवत असतील. तिनं आप्पांच्या सदऱ्याची कड मुठीत धरली आणि परत रस्त्याकडं तोंड केलं.

"आपाऽ!"

"भरतेऽश!"

गल्लीतली माणसं दारात आली. आई आतून म्हणाली, "राजू, आत आण गं दोघांना, लोकं बघतात." मी पुढं झाले, पण कुणाचा हात धरावा ते मला कळेना, आणि धरून काय सांगावं तेही कळेना. ती थांबली की आप्पा ओरडायचे, आप्पा थांबले की ती. मी त्यांच्या मागं उभी राहिले आणि मीपण रस्त्याकडं बघायला लागले.